दोन दिवसांचा ताळेबंद

शनिवार-रविवारची वाट सोमवारपासून पाहिली जाते आणि रविवारी रात्री बहुतेक घरांत एकच उद्गार ऐकू येतो : सुट्टी कुठे गेली, कळलेच नाही. घरातले पाच हजार रुपये असे न कळता गेले, तर लगेच चौकशी सुरू होते. पासबुक उघडले जाते, पावत्या शोधल्या जातात, कोणी कशावर खर्च केला याची विचारणा होते. दोन दिवस हातातून निसटले, तर मात्र हिशेब मागावा असे कोणालाही वाटत नाही. ते बहुधा उशिरा उठण्यात, मोबाइलच्या पडद्यावर, गाडी लावण्याच्या रांगेत आणि ‘मग जायचे तरी कुठे?’ या चर्चेत खर्ची पडलेले असतात.

पुण्यासारख्या शहरात राहणाऱ्यांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक खटकते. नाट्यगृहे, संग्रहालये, टेकड्या, उद्याने आणि खाद्यगृहे यांनी हे शहर समृद्ध आहे. बाहेरगावचा पाहुणा दोन दिवसांत त्यातले पुष्कळसे पाहून जातो. तीस वर्षे याच शहरात घराचे हप्ते भरणाऱ्या गृहस्थाने मात्र केळकर संग्रहालयाची पायरी चढलेली नसते. शहर आपलेच आहे, केव्हाही पाहता येईल, या भरवशावर ते पाहायचे राहून जाते. मुदत ठेवीला मुदत असते म्हणून ती वेळेवर आठवते. ज्या कामाला मुदत नाही, ते कायमचे मागे पडते. सुट्टीच्या दोन दिवसांचे नियोजन म्हणजे त्या कामाला तारीख घालून देणे होय.

सुट्टी नेमकी कोणाची?

नियोजनाला बसण्यापूर्वी एक प्रश्न घरात मोकळेपणाने विचारायला हवा. शनिवार-रविवार घरातल्या किती जणांना सुट्टी असते? कार्यालयात जाणाऱ्याला असते, शाळेत जाणाऱ्या मुलांना असते. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या गृहिणीचे काम मात्र याच दोन दिवसांत वाढते. सगळे घरी असल्यामुळे न्याहारी दोन-दोन वेळा होते, काहीतरी वेगळे करण्याची फर्माईश येते आणि त्यात दुपारी पाहुणेही येतात. सून नोकरी करणारी असेल, तर आठवड्याची राहिलेली धुणी, धान्याची निवड-पाखड आणि मुलांचा राहिलेला अभ्यास तिची वाट पाहत असतो.

घरातल्या ज्येष्ठांची अडचण याच्या उलट असते. त्यांना सातही दिवस सुट्टीच आहे, असे गृहीत धरले जाते. ‘तुम्हाला दगदग होईल’ हे वाक्य उच्चारले जाते प्रेमानेच. परंतु त्याचा परिणाम असा होतो, की तरुण मंडळी बाहेर जातात आणि आजी-आजोबा घराची राखण करतात. पुष्कळदा त्यांना दगदगीपेक्षा न विचारल्याचेच दुःख अधिक असते.

म्हणून चांगल्या सुट्टीची कसोटी एकच मानावी. रविवारी रात्री घरातल्या प्रत्येकाला, अगदी स्वयंपाक करणारीलाही आणि गुडघे दुखणाऱ्या आजीलाही, आपल्याला सुट्टी मिळाली असे वाटले पाहिजे. किती ठिकाणे पाहिली, किती छायाचित्रे काढली, हे त्या कसोटीपुढे गौण आहे. पुढचे सर्व नियोजन या एका कसोटीवर घासून पाहावे.

हातातली खरी शिल्लक

शनिवारी सकाळी ६ पासून रविवारी रात्री १० पर्यंत ४० तास होतात. आकडा भरघोस वाटतो. त्यातून शनिवारच्या रात्रीची झोप, म्हणजे ८ तास वजा जाता ३२ उरतात. स्नान, देवदर्शन, चहापाणी, घरातली न टाळता येणारी कामे यांना दररोज ५ तास धरले, तर दोन दिवसांचे १० गेले, उरले २२. दुपारची विश्रांती दोन दिवसांची मिळून ३ तास, आणि शहरातल्या शहरात जाण्यायेण्याचे दोन दिवसांचे ४ तास. म्हणजे हातात राहिले १५. संध्याकाळी घरात निवांत बसण्याचे, फोनवर ख्यालीखुशाली विचारण्याचे ३ तास वेगळे ठेवले, की खरी शिल्लक १२ तासांची.

या बारा तासांत आठ ठिकाणे बसवण्याचा प्रयत्न झाला, की घाई होते. घाई झाली, की चिडचिड होते आणि घरी आल्यावर ‘यापेक्षा घरीच बरे होते’ असा निष्कर्ष निघतो. म्हणून नियम साधा ठेवावा. प्रत्येक दिवशी एक कला, एक व्यायाम आणि एक बाहेरचे खाणे. तिन्ही गोष्टी शक्यतो एकाच परिसरात. सकाळी एका टोकाला टेकडी, दुपारी दुसऱ्या टोकाला जेवण आणि संध्याकाळी तिसरीकडे नाटक, असा कार्यक्रम कागदावर आकर्षक दिसतो. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग चौकातल्या दिव्यांसमोर पार पडतो.

उदाहरणादाखल सहा जणांचे एक कुटुंब घेऊ. आजी-आजोबा, मुलगा, सून आणि दहा-बारा वर्षांची दोन नातवंडे. घर बिबवेवाडीच्या बाजूला, महिना डिसेंबरचा. हवा थंड, आकाश निरभ्र आणि सांस्कृतिक कार्यक्रमांची रेलचेल, असा पुण्यातला हा सर्वांत अनुकूल काळ.

शनिवार : पर्वतीचा परिसर

पुण्यात डिसेंबरात सूर्य सातच्या आसपास उगवतो. त्या सुमारास पर्वतीच्या पायथ्याशी पोहोचावे. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत, आणि या पायऱ्या म्हणजे पुणेकरांची पिढ्यान्‌पिढ्यांची बिनपैशाची व्यायामशाळा आहे. वरचे देवदेवेश्वराचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधले आणि १७६१ मध्ये पानिपतच्या धक्क्यानंतर त्यांचा अंत याच टेकडीवर झाला. इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत संपणारी ही हकीगत माथ्यावर उभे राहून, खाली पसरलेले शहर दाखवत सांगितली, तर मुलांच्या लक्षात राहते.

नातवंडे दोनदा चढतील-उतरतील. मुलगा आणि सून आपापल्या दमाने चढतील. आजोबांनी वीस-पंचवीस पायऱ्यांनंतर थांबत चढावे. गुडघेदुखी असणाऱ्यांना चढण्यापेक्षा उतरणे अधिक त्रासाचे जाते, हे ध्यानात ठेवून आजींनी पायथ्यालाच थांबून जवळच्या सारसबागेत सपाट वाटेवर फेऱ्या माराव्यात. सर्वांनी एकच व्यायाम केला पाहिजे, असा आग्रह नको. सर्वांनी एकाच वेळी काही ना काही हालचाल केली, एवढे पुरे.

सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी येणारी नवकारसी पाळणाऱ्यांना ही वेळ फारच सोयीची आहे. चढउतार होईपर्यंत पावणेआठ वाजून जातात आणि सारसबागेत घरून आणलेला खाकरा, मुरमुरे, केळी, सफरचंद असा अल्पोपाहार करता येतो. उकळलेल्या पाण्याची बाटली सोबत असावी. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र उपाशीपोटी चढण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

दहाच्या सुमारास शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावे. सारसबागेपासून ते फार दूर नाही, आणि मेट्रोने येणाऱ्यांना मंडई स्थानकापासून चालत जाण्याजोगे आहे. हे संग्रहालय म्हणजे एका माणसाच्या चिकाटीचे फळ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवण्यास आरंभ केला आणि पुढे गावोगाव फिरून, प्रसंगी पदरमोड करून हजारो वस्तू गोळा केल्या. बालवयात निधन पावलेल्या राजा नावाच्या आपल्या मुलाच्या स्मृत्यर्थ त्यांनी संग्रहालयाला त्याचे नाव दिले. कोथरूडचा मस्तानी महालही येथे आणून पुन्हा उभा केलेला आहे. पुढे हा सर्व संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

या संग्रहालयाचे वैशिष्ट्य असे, की येथे तलवारी आणि सिंहासने यांपेक्षा घरातल्या वस्तूंना मान आहे. अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, स्वयंपाकाची भांडी, वाद्ये, कोरीव दरवाजे अशा रोजच्या वापरातल्या वस्तू कारागिराने किती जीव ओतून घडवल्या होत्या, ते येथे दिसते. आणि येथेच सहलीचा सूर बदलतो. घरात मोबाइलमधले काही अडले, की आजी नातवाला विचारतात. येथे नातू एका वस्तूपुढे थांबतो आणि विचारतो, ‘आजी, हे गं काय?’ वस्तूखालच्या पाटीवर केवळ नाव असते. ती कशी धरायची, तिचा आवाज कसा व्हायचा, ती कोणाच्या माहेरून आली होती आणि मोडीत केव्हा गेली, हे आजींनाच ठाऊक असते. ‘दगदग होईल’ म्हणून त्यांना घरी ठेवले असते, तर या संग्रहालयातले अर्धे दालन मुलांना मुकेच राहिले असते.

दीड-दोन तासांत सगळे पाहण्याचा हट्ट धरू नये. मुलांनी आपल्याला आवडलेली एकच वस्तू निवडून वहीत तिचे चित्र काढावे. त्या निमित्ताने ती वस्तू पाच मिनिटे नीट पाहिली जाते.

साडेबाराच्या सुमारास जवळपासच्या एखाद्या थाळीच्या भोजनगृहात जेवण करावे. हे दिवसाचे मुख्य जेवण, म्हणून ते घाईत उरकू नये. पुण्याची खासियत असलेली मस्तानी, म्हणजे दुधाच्या दाट पेयावर आइस्क्रीमचा गोळा, ज्यांना चालते त्यांनी जरूर घ्यावी. सकाळी मस्तानी महाल आणि दुपारी मस्तानी, हा योगायोग मुलांना भारी आवडतो. दोन वाजेपर्यंत घरी परतून विश्रांती घ्यावी. दुपारी भरपेट जेवण झालेले असल्याने सायंकाळी सूर्यास्तापूर्वी दूध-फळे किंवा थोडेसे हलके खाणे पुरते. त्यानंतरचा वेळ मोकळा ठेवावा. मोकळा वेळ म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे. दिवसभर पाहिलेल्या गोष्टींविषयी बोलणे त्यातच होते.

सूर्यास्त आणि तिसरी घंटा

सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या कुटुंबांत बाहेर जाण्याचा विषय निघाला, की एक अडचण हमखास पुढे येते. नाटकाचे, गाण्याचे कार्यक्रम सायंकाळी असतात. जेवणाची वेळ साधत नाही. त्यापेक्षा जाणेच नको. वास्तविक ही अडचण वेळापत्रकाची आहे, आणि वेळापत्रक समोर ठेवले, तर ती सुटते.

पुण्यात नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरच्या आरंभी सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, तर जुलैच्या आरंभी तो सव्वासातच्या आसपास असतो. म्हणजे वर्षभरात सव्वा तासाचा फरक पडतो. मराठी नाटकांचे प्रयोग साधारणतः दुपारी साडेबारा, सायंकाळी पाच-साडेपाच आणि रात्री साडेनऊ, असे लागतात. प्रयोग मध्यंतरासह सुमारे अडीच तास चालतो. हिवाळ्यात पाचचा प्रयोग घेतला, तर सूर्यास्त नाट्यगृहातच होणार हे उघड आहे, तो टाळावा. दुपारचा प्रयोग तीनपर्यंत संपतो आणि पाचच्या जेवणाला घर गाठता येते. रात्रीचा प्रयोग घेतल्यास जेवण, आवराआवर, प्रतिक्रमण सर्व उरकून तिसऱ्या घंटेआधी आपल्या आसनावर बसता येते. उलट रात्री उशिरा जेवणाऱ्यांनाच नाटक सुटल्यावर ‘आता खायला कुठे मिळेल?’ अशी शोधाशोध करावी लागते. लवकर जेवण्याच्या नियमामुळे रात्र मोकळी मिळते, हा लाभ फारसा कोणी जमेस धरीत नाही.

ज्येष्ठ आणि मुले सोबत असतील, तर रविवारी दुपारचा प्रयोग सर्वांत सोयीचा. त्याच हिशेबाने दुसऱ्या दिवसाची आखणी करावी.

रविवार : जंगली महाराज रस्त्याच्या आसपास

रविवारी सकाळी मंडळींचे दोन गट करावेत. मुलगा, सून आणि नातवंडे यांनी फर्ग्युसन महाविद्यालयामागच्या हनुमान टेकडीवर जावे. ज्यांना अधिक चालायचे आहे, त्यांच्यासाठी पलीकडे वेताळ टेकडी आहे. पुणे शहरातला हा सर्वांत उंच भाग. झाडी, पक्षी, क्वचित मोराचा आवाज आणि पायवाटांचे जाळे असलेली ही टेकडी पुणेकरांनी मोठ्या आस्थेने जपली आहे. आजी-आजोबांनी तेवढ्या वेळात संभाजी उद्यानात फेऱ्या माराव्यात आणि बाकावर बसून ऊन घ्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करायला हवा, आणि ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी सरासरी दररोज ६० मिनिटे. पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सावरण्याचे व्यायामही करावेत, असे ती सांगते. शनिवारी पर्वतीवर ५० मिनिटे आणि रविवारी टेकडीवर ६० मिनिटे धरली, तर प्रौढांच्या खात्यात ११० मिनिटे जमा होतात. उरलेल्या ४० मिनिटांसाठी आठवड्यात वीस-वीस मिनिटांचे दोन फेरफटके पुरतात. मुलांचा हिशेब मात्र दोन दिवसांत पुरा होत नाही. त्यांना रोजचे मैदानच हवे. सुट्टीतला व्यायाम हा सोमवारच्या व्यायामाचा आरंभ ठरला, तरच त्याचा उपयोग.

सव्वाआठच्या सुमारास दोन्ही गटांनी जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्यात एकत्र यावे. आठव्या शतकाच्या सुमारास, राष्ट्रकूट काळात, एकाच खडकात कोरलेले हे लेणे आज वर्दळीच्या रस्त्याला लागून आहे. रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली असल्यामुळे आत गेल्यावर गोंगाट मागे राहतो. प्रांगणातला गोलाकार नंदीमंडप पाहण्याजोगा आहे. विटेवर वीट रचून इमारत उभी राहते, हे मुलांना माहीत असते. येथे मात्र दगड काढून टाकत इमारत कोरली गेली. एक घाव चुकीचा बसला, तर तो दगड पुन्हा लावता येत नाही, हे सांगितले, की मुले खांबांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

साडेनऊ-दहाच्या सुमारास फर्ग्युसन रस्ता अथवा जंगली महाराज रस्ता येथील एखाद्या दाक्षिणात्य पद्धतीच्या उपाहारगृहात भरपेट न्याहारी करावी. रविवारी येथे रांग असते. आजी-आजोबांसाठी आधी बसायची सोय पाहावी आणि तरुणांनी रांगेत उभे राहावे. ही न्याहारीच दुपारच्या जेवणाची जागा घेईल, अशी असावी.

तेथून बालगंधर्व रंगमंदिर जवळ आहे. त्याची कोनशिला १९६२ मध्ये स्वतः बालगंधर्वांच्या हस्ते बसवली गेली. मात्र २६ जून १९६८ रोजी उद्‌घाटन झाले, तेव्हा ते हयात नव्हते. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले होते. या वास्तूच्या उभारणीत पु. ल. देशपांडे यांचा मोठा वाटा होता. रंगमंदिरातल्या कलादालनात शहरातल्या चित्रकारांची, छायाचित्रकारांची, हस्तकलाकारांची प्रदर्शने भरतात. मोठ्या संग्रहालयात चित्र असते आणि चित्रकार नसतो. येथे पुष्कळदा चित्रकार आपल्या चित्राशेजारीच उभा असतो. मुलांनी त्याला प्रश्न विचारावेत. हा रंग कसा मिळवला, किती दिवस लागले, कोणते चित्र फसले, अशा प्रश्नांना कलावंत आनंदाने उत्तरे देतात.

त्यानंतर साडेबाराचा प्रयोग. बालगंधर्वला हवे ते नाटक नसेल, तर टिळक रस्त्यावरचे टिळक स्मारक मंदिर, सदाशिव पेठेतले भरत नाट्य मंदिर, कोथरूडचे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, असे पर्याय आहेत. त्यांतील भरत नाट्य मंदिर चालवणारी संस्था १८९४ पासूनची आहे. व्यावसायिक मराठी नाटकाचे उत्पन्न प्रामुख्याने शनिवार-रविवार आणि सणासुदीच्या प्रयोगांवर अवलंबून असते. रंगमंचावरचे चार-पाच नट दिसतात. प्रकाशयोजना, ध्वनी, नेपथ्य, वेशभूषा, सामानाची वाहतूक करणारी माणसे दिसत नाहीत. त्या सर्वांचे घर प्रेक्षकाच्या तिकिटावर चालते. मराठी नाटक टिकले पाहिजे, असे म्हणणाऱ्याने महिन्याकाठी एखादे तिकीट काढले, तर त्या म्हणण्याला बळ येते.

मध्यंतरातला बटाटेवडा ही पुण्याच्या नाट्यगृहांची परंपराच आहे. बटाटा वर्ज्य असणाऱ्यांनी पिशवीत चिक्की किंवा खाकरा ठेवावा, म्हणजे मुले त्या वासाने हिरमुसली होत नाहीत. तीनला प्रयोग सुटल्यावर छत्रपती संभाजी उद्यान हे मेट्रो स्थानक जवळच आहे. जिल्हा न्यायालयापाशी गाडी बदलून स्वारगेटला उतरता येते. सप्टेंबर २०२४ मध्ये हा भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून शहराच्या या दोन भागांतले जाणे-येणे ज्येष्ठांनाही सुकर झाले आहे. स्थानकांत उद्वाहनांची सोय असल्यामुळे जिन्याचा प्रश्न येत नाही.

‘जैन’ म्हणजे काय, हे आधी विचारावे

पुण्यातल्या पुष्कळ भोजनगृहांच्या यादीत ‘जैन’ असा शब्द आढळतो. त्याचा अर्थ मात्र प्रत्येक ठिकाणी एकच असतो असे नाही. काही ठिकाणी त्याचा अर्थ केवळ कांदा-लसूण नाही एवढाच असतो. बटाटा, गाजर, आले चालतातच. पंजाबी पद्धतीच्या भाजीची ग्रेव्ही सकाळीच तयार करून ठेवलेली असते आणि तिच्यात कांदा असतो. सांबारातही तो असतो. जागेवर बसल्यावर, भुकेल्या मुलांसमोर याची चौकशी करणे वाढप्यालाही अवघड जाते आणि आपल्यालाही.

यावर उपाय म्हणजे आदल्या दिवशी दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान, गर्दी नसताना, दूरध्वनी करावा आणि तीन प्रश्न विचारावेत. कंदमुळे पूर्णपणे वगळून कोणते पदार्थ मिळतील? ग्रेव्ही वेगळी करता येईल का? तवा आणि कढई वेगळी असेल का? उत्तर ‘नाही’ असे मिळाले, तरी ते घरी बसून मिळालेले असते. नियम न पाळणारे कोणी सोबत असतील, तर त्यांच्या ताटाकडे पाहून टीका करू नये. एका टेबलावर दोन प्रकारची ताटे सुखाने नांदू शकतात.

पैशाची तरतूद

समजा, सहा जणांसाठी दोन दिवसांचे ६,००० रुपये ठरवले. त्यांतले १,८०० रुपये तिकिटांसाठी, म्हणजे माणशी ३०० रुपये. दोन वेळच्या खाण्यासाठी ३,०००. प्रवासासाठी ६०० आणि राखीव ६००. प्रत्यक्ष दर नाट्यगृह, आसन आणि उपाहारगृह यांप्रमाणे कमीअधिक होतील. महत्त्वाचे आहे ते प्रमाण आणि क्रम. तिकिटांचे पैसे सर्वांत आधी बाजूला काढावेत. सामान्यतः खाण्यावर आणि खरेदीवर मनसोक्त खर्च होतो आणि नाटकाचे तिकीट तेवढे महाग वाटते. हा क्रम उलटा केला, की खर्च न वाढता सुट्टीची गोडी वाढते. रक्कम जमणारी नसेल, तर एक दिवस बाहेरचे खाणे वगळावे. टेकडी, उद्यान आणि प्रदर्शन यांना खर्च जवळजवळ नाहीच. राखीव रक्कम उरली, तर ती मुलांच्या हाती द्यावी आणि पुढच्या वेळी काय करायचे ते त्यांनाच ठरवू द्यावे.

रविवारची खिचडी

शनिवारचे मुख्य जेवण बाहेर झाले, रविवारची न्याहारी बाहेर झाली. आता राहिले रविवारचे सायंकाळचे जेवण. दमूनभागून घरी आल्यावर सुनेने पदर खोचून ओट्यापाशी उभे राहावे, असे झाले, तर वरचे सगळे नियोजन व्यर्थ गेले असे समजावे. हे जेवण मुलाने आणि नातवंडांनी करावे. मुगाच्या डाळीची खिचडी अवघड नाही. एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी डाळ, धुऊन निथळलेली. तुपात जिरे, हिंग, हळद. चार वाट्या गरम पाणी, चवीपुरते मीठ आणि कुकरच्या तीन-चार शिट्ट्या. सोबत ताक आणि भाजलेला पापड. पाऊण तासात पाने वाढता येतात. भांडीही त्यांनीच घासावीत. गृहिणीने मात्र एक पथ्य पाळावे : बाहेर बसून ‘मीठ बघितलंत का?’ असे विचारू नये. पहिल्या वेळी खिचडी पातळ होईल, दुसऱ्या वेळी खाली लागेल, तिसऱ्या वेळी जमेल.

आपापले गाव, आपापली टेकडी

ही आखणी पुण्याची असली, तरी तिचे सूत्र कोठेही चालते. कोल्हापुरात सकाळी रंकाळ्याचा फेरफटका, नंतर टाऊन हॉलमधले संग्रहालय आणि शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग कुस्ती मैदान, अशी सुट्टी होऊ शकते. सांगलीला कृष्णाकाठ आहे आणि १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ याच गावी सादर केल्यामुळे मराठी नाटकाचा पहिला अध्यायही तिथलाच आहे. लहान गावात नाट्यगृह नसेल, तर भजनी मंडळ असते, तालीम असते, कुंभाराचे चाक असते. मुलांना तेथे तासभर बसवले, तरी कलेची ओळख होते.

बुधवारी पंधरा मिनिटे

हे सर्व ठरवण्यासाठी बुधवारी संध्याकाळी पंधरा मिनिटे पुरतात. घरातल्या प्रत्येकाने आपली एक इच्छा कागदावर लिहावी. त्यांतल्या दोन-तीन या वेळी घ्याव्यात, उरलेल्या पुढच्या वेळेसाठी राखाव्यात. नाटकाची जाहिरात आणि संग्रहालयाची वेळ पाहावी, सूर्यास्ताची वेळ पंचांगात पाहावी, तिकिटे काढावीत, उपाहारगृहात चौकशी करावी आणि कागद फ्रिजच्या दारावर लावावा. त्यातली एखादी गोष्ट ऐन वेळी राहिली, तर राहू द्यावी.

प्रत्येक आठवड्याला असे करण्याची गरज नाही. महिन्यातून एकदा पुरे. मूल दहा वर्षांचे असेल, तर अठराव्या वर्षी शिक्षणासाठी घराबाहेर पडेपर्यंत आठ वर्षे आहेत. महिन्याला एक याप्रमाणे अशा सुट्ट्या होतात ९६. आजी-आजोबांच्या बाबतीत हा आकडा कोणी मांडू नये; तो याहून कमी आहे, एवढे सर्वांनाच ठाऊक असते. या ९६ मधल्या किती आजवर गेल्या आणि किती शिल्लक आहेत, हे ज्याने त्याने आपल्या घरापुरते मोजावे, आणि येत्या बुधवारी कागद घेऊन बसताना पहिली इच्छा आजीची लिहून घ्यावी.